लोहचुंबकातील लोह

आपल्या जुन्या मराठीत रक्तास 'अशुद्ध' असे एक नाव होते. जुन्या ग्रंथांतून हा शब्द या अर्थाने भेटला म्हणजे आजच्या विद्यार्थ्यास नवल वाटते, आणि ते वाटावे हे साहजिकच आहे. ज्याच्यावाचून देह घटकाभरही टिकावयाचा नाही, ज्याच्या नात्याने आपण माणसांस 'आपली' म्हणतो, त्यास अशुद्ध म्हणावयाचे! परंतु थोडा विचार केला तर यात विसंगती काहीच नाही. रक्त शरीराच्या आत असते तोवर ते जीवन. बाहेर सांडले, वस्त्रास लागले, की ते अशुद्ध. पदार्थ तोच, जागा बदलली आणि नाव बदलले, इतकेच.

या शब्दाची आठवण आम्हांस अलीकडे एका अगदी निराळ्या ठिकाणी झाली. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे अध्यापक आमचे स्नेही आहेत. त्यांच्या मेजावर एक शास्त्रीय निबंध पडला होता. वापरून टाकून दिलेल्या लोहचुंबकांतून मौल्यवान धातू परत मिळवताना त्यांतील लोखंडाची अशुद्धी कशी दूर करावी, असा त्याचा विषय. आम्ही पडलो भाषेचे अध्यापक. सहज विचारले, "या चुंबकांत ही अशुद्धी असते तरी किती?" स्नेही शांतपणे म्हणाले, "शंभरांत सुमारे सासष्ट भाग."

शंभर उंबऱ्यांच्या गावात सासष्ट घरांस उपरे ठरवून उरलेल्यांनी गावकी मांडावी, तसा हा प्रकार आम्हांस वाटला. 'लोहचुंबक' या शब्दातून लोह काढले तर निदान चुंबक तरी उरतो. त्या वस्तूतून लोह काढले तर चुंबकही उरत नाही. मग ही अशुद्धी म्हणावयाची कोणत्या न्यायाने? हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना, आणि पुढे एका कुटुंबाच्या निर्वाहाशी त्याचा संबंध आल्यामुळे तो नुसता शब्दांचाही राहिला नाही.

प्रथम, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्याची ओळख करून घेऊ. वर्तमानपत्रे ज्यांस 'रेअर अर्थ' म्हणतात व आपले शास्त्रीय लेखक विरल मृत्तिका म्हणतात, त्या सतरा मूलद्रव्यांपैकी निओडिमियम हे एक. या नावातील दोन्ही शब्द फसवे आहेत. ही द्रव्ये माती नव्हेत, धातू आहेत. आणि विरलही म्हणावीत तर त्यांतील सेरियम हे भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. विरल आहे ते त्यांचे एके ठिकाणी मुबलक सापडणे, आणि त्याहूनही विरल आहे ते त्यांचे एकमेकांपासून सुटे होणे. एकाच चुलीवर वाढलेल्या भावंडांप्रमाणे त्यांचे स्वभाव इतके सारखे, की एकास बोलवावे तो सगळी धावून येतात. 1885 साली कार्ल आउअर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने, तोवर एकच समजले जाणारे एक द्रव्य मोठ्या चिकाटीने फोडून त्यातून दोन वेगळे केले. एकास प्रेसिओडिमियम म्हणजे हिरवे जुळे, आणि दुसऱ्यास निओडिमियम म्हणजे नवे जुळे, अशी नावे दिली.

हे आउअरसाहेब आपल्या परिचयाचे नाहीत असे मात्र कोणी समजू नये. लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन दुतर्फा चालणारी माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्या बत्तीची पांढरी जाळी ही याच गृहस्थांची करामत. तीत नव्याण्णव भाग थोरियमचे भस्म असे आणि एक भाग सेरियमचे. आणि या एका भागावाचून ती नुसती मिणमिणत राही. त्या जाळ्यांसाठीच 1909 च्या सुमारास त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूकडे परदेशी व्यापाऱ्यांचे लक्ष गेले. आणि त्याच वाळूच्या आधाराने स्वतंत्र भारताने 18 ऑगस्ट 1950 रोजी 'इंडियन रेअर अर्थ्स' ही कंपनी काढली. तिचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच, प्रभादेवीस आहे. याच आउअरने 1903 साली सेरियमसारख्या धातूंत सुमारे तिसरा हिस्सा लोखंड मिसळून लायटरमधील ठिणगीचा खडा तयार केला. तेथे लोखंड मुद्दाम घातले होते. कारण त्यावाचून खडा मऊ राही. सारांश, या घराण्याशी लोखंडाची सोयरीक आजची नाही.

चुंबकात लोखंड कसे आले ही कथा तर अधिक बोधप्रद आहे. 1960 नंतरच्या काळात समेरियम व कोबाल्ट यांचे उत्तम चुंबक होऊ लागले होते; पण दोन्ही धातू महाग, आणि 1978 साली आफ्रिकेतील झाईर देशात, म्हणजे आजच्या काँगोत, यादवी माजून कोबाल्टची टंचाई झाली. मासातो सागावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाच्या मनात त्याच सुमारास असा सरळ प्रश्न आला की, लोखंडासारखा स्वस्त व जात्याच चुंबकीय धातू असता कोबाल्टच्या पायऱ्या का झिजवाव्या? लोखंडाचे अणू एकमेकांस फार खेटून बसतात ही अडचण असेल, तर मध्ये बोरॉनसारखा लहानसा अणू घालून त्यांस जरा सरकवावे, अशी त्याची कल्पना. 1982 साली ती फळास आली. अमेरिकेत जॉन क्रोट यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले. आणि 1983 साली जगास निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा तो चुंबक कळला, ज्याच्या जोरावर आज विजेच्या मोटारी धावतात, पवनचक्क्यांतून वीज निघते आणि आपल्या कानातले चिमुकले यंत्र गाते. सागावा यांस 2022 साली इंग्लंडच्या राणीच्या नावाचे अभियांत्रिकीचे पारितोषिक मिळाले. या चुंबकाच्या प्रत्येक रेणुसूत्रात निओडिमियमचे दोन अणू, बोरॉनचा एक, आणि लोखंडाचे चौदा. त्यातील बळ बहुतांशी लोखंडाचे आहे. निओडिमियमचे काम त्या बळास एका दिशेस खिळवून ठेवण्याचे. यात्रेतील रथाचे दोर ओढणारे हात शेकडो असतात आणि पुढे उभे राहून वाट दाखवणारा एखादाच असतो. त्या एकाची किंमत आम्ही कमी लेखत नाही. पण रथ नेला कोणी, असे विचारले तर दोर धरणाऱ्यांस विसरता येत नाही.

आता शेलूबाजारास येऊ. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील हे गाव. नागपूरहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते पूर्वीपासून आहेच. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाल्यापासून, महामार्गावर चढण्याउतरण्याचे एक ठिकाण म्हणून त्याचे नाव दूरदूरच्या प्रवाशांच्याही वाचनात येऊ लागले. भोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर. या गावातील एका भंगारवाल्याचा मुलगा आमच्या महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याच्या निमित्ताने आम्ही त्या दुकानात गेलो.

भंगाराचे दुकान म्हणजे गावाचा इतिहास. सर्वांत खाली मोडके फाळ आणि बैलगाडीच्या चाकांच्या धावा. त्यावर पत्र्याचे डबे, फवारणीचे पंप, जळालेल्या मोटरी. आणि अगदी वर, कालपरवाचे म्हणून, फुटके संगणक, भ्रमणध्वनी, विजेवर चालणाऱ्या दुचाकीचे एक चाक. दुकानाच्या मालकाने सुतळीस एक चुंबक बांधून खांबास अडकवला होता. येईल त्या वस्तूस तो लावून पाहावयाचा. आम्ही कुतूहल दाखवताच तो हसून म्हणाला, "चिपकलं त लोखंड, नाही चिपकलं त तांबं, पितळ, नाही त जर्मन. आमची शाळा एवढीच, सर."

ही शाळा आमच्या शाळेहून कमी प्रतीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. सराफकट्ट्यावरील केरातून सोन्याचे कण वेचणारा झारेकरीही प्रथम त्या केरावरून चुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा उचलून घेतो. मग पुढची धुलाई. चुंबकाने लोखंड दूर करावे ही रीत इतकी जुनी आणि इतकी बिनबोभाट आहे. परंतु या शाळेच्या अभ्यासक्रमात एक उणीव आहे. जो सर्वांची परीक्षा घेतो त्या परीक्षकाची परीक्षा तीत कोणी घेत नाही. हार्ड डिस्कमधील चंद्रकोरीसारखे तुकडे, दुचाकीच्या चाकातील पट्ट्या, यांस सुतळीचा चुंबक लावला की ते कडकन चिकटतात; आणि चिकटले ते लोखंड, या नियमाने लोखंडाच्या ढिगात जाऊन पडतात. त्या ढिगाची वाट तेथून पश्चिमेस, जालन्याकडे. जालन्यास भंगार वितळवून त्याच्या सळया करणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत, आणि त्या सळयांवर आपल्या घरांची छते उभी आहेत. भट्टीत लोखंडाचे काही बिघडत नाही. त्याची सळई होते. निओडिमियमचा मात्र प्राणवायूशी स्नेह लोखंडापेक्षा फार दाट. तो प्राणवायू धरून भस्म होतो, मळीत मिसळतो आणि मळीच्या ढिगाऱ्यावर जाऊन पडतो. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, त्याप्रमाणे लोखंडाबरोबर निओडिमियम जळते. ज्याच्यासाठी देश परमुलखाच्या दारी उभा आहे ते आपण असे रोज थोडेथोडे भट्टीत घालत आहो.

परमुलखाच्या दारी, हे आम्ही अलंकार म्हणून लिहिले नाही. असले चुंबक बहुतांशी चीन देशातून येतात. 4 एप्रिल 2025 रोजी त्या देशाने सात विरल मृत्तिका व त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आपल्या मोटारींच्या कारखानदारांची झोप उडाली. आपले सरकारही जागे झाले. जुन्या मालातून असले धातू परत मिळवण्यासाठी 3 सप्टेंबर 2025 रोजी 1,500 कोटी रुपयांची, आणि देशात वर्षास 6,000 टन चुंबक तयार व्हावे यासाठी 26 नोव्हेंबर 2025 रोजी 7,280 कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली.

हे आकडे शेलूबाजारच्या त्या मुलाने वाचले होते. दुकानामागे आम्लाची पिंपे मांडावी, चुंबक विरघळवावे आणि निओडिमियम काढून विकावे, असा त्याचा बेत. भांडवलासाठी बाप दोन एकरांतील एक एकर विकावयास तयार झाला होता. मुलगा आत चहा सांगावयास गेला तेव्हा बाप आवाज खाली आणून आम्हांस म्हणाला, "पोरगं म्हणते, यातून सोन्यासारखं निघते. निघते का हो, सर?" या प्रश्नास उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हता. परंतु ज्यास गावात 'सर' म्हणतात त्याने, मला ठाऊक नाही, एवढेच म्हणून चहा पिऊन उठावे, हेही आम्हांस बरे दिसेना. आम्ही मुलास एक डबाभर चुंबक घेऊन आमच्या रसायनशास्त्रज्ञ स्नेह्यांकडे यावयास सांगितले.

तो प्रयोग आम्ही दोन दिवस बाजूस बसून पाहिला. प्रथम ते तुकडे साडेतीनशे अंशांपर्यंत तापवले. 310 अंशांच्या आसपासच या चुंबकाचे चुंबकत्व संपते, आणि मग एकमेकांस घट्ट मिठी मारून बसलेले ते तुकडे मुकाट्याने वेगळे होतात. वरचा निकेलचा मुलामा फोडून टाकला, आतले कुटले, आणि धूर ओढून घेणाऱ्या कपाटात हायड्रोक्लोरिक आम्लात सोडले. बुडबुड्यांचा एकच कल्लोळ उसळला. "हा हायड्रोजन," स्नेही मुलास म्हणाले, "इथे वाटीभर आहे. पिंपात असता कोणी जवळ विडी ओढली तर दुकानाचे छप्पर राहावयाचे नाही." आम्ल हिरवट झाले, तो हिरवा रंग लोखंडाचा. मग स्नेह्यांनी कागद घेऊन मुलाकडून त्रैराशिक करविले. शंभर किलो चुंबकांतील नुसते लोखंड विरघळवावयास निर्भेळ आम्ल सुमारे 86 किलो लागते. विरल मृत्तिकांस पुरते 23 किलो. म्हणजे आम्लाचे पाच पैसे खर्च केले तर त्यांतील चार, जे फेकून द्यावयाचे त्याच्याच पायी जातात. पाहुण्यापेक्षा पाहुण्याच्या घोड्यास दाणा अधिक!

खरी परीक्षा पुढेच होती. विरघळलेल्या लोखंडाचा स्वभाव दोन प्रकारचा असतो. हिरव्या अवस्थेत असता ते निओडिमियमची पाठ सोडीत नाही. द्रावणाची आंबटता मारीत जावे तो दोघेही जवळजवळ एकाच वेळी खाली बसतात. म्हणून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोखंडास आणखी प्राणवायूच्या तावडीत द्यावे लागते. रंग हिरव्याचा पिवळसर तपकिरी होतो. मग सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने सोडले, की आंबटता बरीच शिल्लक असतानाच लोखंड गंजाच्या रंगाचा साका होऊन खाली बसते आणि निओडिमियम वरच्या निवळीत राहते. सांगावयास हे किती सोपे! प्रत्यक्षात तो साका नव्हताच. तो चिखल होता, चिकट, बुळबुळीत, पाणी धरून बसणारा. गाळणकागदातून तो रात्रभर ठिबकत राहिला, आणि आपल्याबरोबर थोडेसे निओडिमियमही पोटाशी धरून बसला. ते सोडवण्यासाठी त्यास पुन्हा पुन्हा धुवावे लागले. शेवटी निवळीत ऑक्झॅलिक आम्ल घातले, तेव्हा फिकट जांभळट गुलाबी रंगाची भुकटी हळूहळू तळाशी उतरली. खिडकीच्या उजेडात ती गुलाबी दिसे, आणि विजेच्या नळीखाली नेली की तिचा रंगच उडाल्यासारखा होऊन ती निळसर पांढरी दिसे. मुलगा ती पुन्हा पुन्हा खिडकीशी नेऊन पाहत होता. भट्टीत तापवल्यावर ती तपकिरी झाली. कारण नव्या जुळ्याबरोबर थोडे हिरवे जुळेही आलेच होते. "आणि हे अजून भस्म आहे," स्नेही म्हणाले, "धातू नव्हे. धातूसाठी वितळलेल्या क्षारांत हजार अंशांवर वीज खेळवावी लागते."

मुलगा हिशेबात हुशार होता. त्याने भुकटीकडे पाहिले, मग त्या तांबड्या चिखलाच्या परातीकडे पाहिले आणि विचारले, "सर, याचं काय करायचं?" शंभर किलो चुंबकांमागे हा चिखल वाळवून सव्वाशे किलो, आणि ओला असता त्याच्या कितीतरी पट. स्नेह्यांनी उत्तर न देता उलट विचारले, "तुमच्या दुकानामागे काय आहे?" तो म्हणाला, "नाला." "आणि नाल्याच्या कडेला?" तो काही वेळ थांबला. "विहिरी." नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. 2022 सालच्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे, जे 1 एप्रिल 2023 पासून अमलात आहेत, असा उद्योग नोंदणी केलेल्या कारखान्यासच करता येतो, हे स्नेह्यांनी त्यास नंतर सांगितले. पण ते सांगण्यापूर्वीच त्याचा निर्णय झाला होता, असे आम्हांस त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

मोठ्या कारखान्यांतून या चिखलावर नाना उपाय योजले जातात. कोणी चुंबक आधीच हवेत भाजून त्यातील लोखंडाचे तांबडे भस्म करतात, आणि मग इतके सौम्य आम्ल घालतात की त्यात निओडिमियम यावे व लोखंड जागचे हलू नये. अमेरिकेच्या खाणखात्यातील संशोधकांनी 1993 साली दाखवलेली युक्ती उलट आहे. तीत गंधकाच्या आम्लात सर्व विरघळवून सोडियमचा क्षार घालतात. विरल मृत्तिकाच जोडक्षार होऊन खाली बसतात आणि लोखंड वर पाण्यात राहते. मग त्यास पिवळ्या, सहज गाळता येणाऱ्या रवाळ रूपात वेगळे काढतात. कोणी तेलासारखी द्रावणे वापरून पाण्यातून लोखंड अलगद उचलून घेतात. पद्धती अनेक, पण प्रश्न सर्वत्र तोच. ज्याचे वजन सर्वांत अधिक, त्यास टाकाऊ ठरवल्यावर ते ठेवावयाचे कोठे? 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण खरी. परंतु वैद्य मेल्यावर त्याची उत्तरक्रिया कोणास तरी करावीच लागते.

आम्हांस येथे आमच्या धंद्यातील एक जुना वाद आठवतो. 1924 नंतर महाराष्ट्रात भाषाशुद्धीची चळवळ जोरात होती, आणि तिने दिलेले कित्येक सुंदर शब्द आज आम्ही कृतज्ञतेने वापरतो. परंतु फारशी तेवढे गाळावयाचे असा निश्चय करून कोणी 'शेलूबाजार' हा शब्द गाळणीवर घातला, तर काय होईल? 'बाजार' हा शब्द फारशी; तो चिखलाबरोबर जाईल, आणि निवळीत 'शेलू' राहील. पण शेलू आणि सेलू नावाची गावे वऱ्हाडात व मराठवाड्यात अनेक आहेत. त्या सर्वांतून हे गाव ओळखावयाचे ते त्या परक्या शब्दानेच. तेथे जमलेली माणसे, देवघेव, वजनकाटा, आणि ते भंगाराचे दुकानसुद्धा, सारे त्या 'अशुद्ध' शब्दातच आहे. शुद्धीकरणास आमचा विरोध नाही. मात्र गाळणी हाती घेण्यापूर्वी, आपणांस हवे आहे ते काय, हा प्रश्न माणसाने स्वतःस विचारला पाहिजे. निओडिमियम हवे असेल तर लोखंड ही अशुद्धी आहे. पण चुंबकच हवा असेल तर?

हा प्रश्न इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी विचारला, आणि त्याचे उत्तर आम्हांस फार आवडले. जुन्या चुंबकास त्यांनी आम्लात न घालता हायड्रोजन वायूत ठेवले. वायू आत शिरतो, चुंबक फुगतो, तडकतो आणि आपोआप त्याची भुकटी होते. निकेलचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटून चाळणीवर राहतो. भुकटीतील वायू काढून, ती दाबून, भाजून पुन्हा चुंबक होतो. लोखंड आपल्या जागी, निओडिमियम आपल्या जागी. कोणी कोणास अशुद्ध म्हटले नाही. सर्वच माल या रीतीने सुधारतो असे नाही. गंजलेला, मिसळलेला, फार जुना माल असेल तर आम्लाची वाट धरावीच लागते. पण जेथे मोडलेले घर डागडुजीने उभे राहते, तेथे विटा पुन्हा माती करून भाजावयास निघू नये, एवढे व्यवहारज्ञान त्यात आहे. आणि या रीतीस एकच गोष्ट अवश्य लागते. चुंबक इतर लोखंडात मिसळण्यापूर्वी वेगळे निघाले पाहिजेत.

म्हणून आमच्या मते, लोखंड दूर करण्याचे सर्वांत स्वस्त व निर्मळ ठिकाण आम्लाचे पिंप नव्हे. ते शेलूबाजारच्या दुकानाची फरशी आहे. तेथे एक पेचकस, दहा मिनिटे आणि थोडी समज, एवढ्यावर जे काम होते, तेच पुढे भट्टीत गेल्यावर कोणासही करता येत नाही. बापाच्या शाळेत मुलाने आता एक नवा धडा घातला आहे. चिकटले ते लोखंड हे खरे. परंतु जे चिकटते तेच ओढतेही आहे का, हे पाहावयाचे. साध्या खिळ्यास जे आपणहून ओढून घेते ते बाजूस काढून जाड लाकडी खोक्यात ठेवावयाचे. एकर विकला गेला नाही. खोके मात्र भरत चालले आहे.

त्या खोक्यास गिऱ्हाईक अजून आलेले नाही. मुलाने दोन-तीन नोंदणीकृत कारखान्यांस विचारले, तर त्यांस टनांनी माल हवा. शेलूबाजारास तो मुठींनी निघतो. मंगरूळपीर, कारंजे, मालेगाव, वाशीम येथील दुकानदारांनी मिळून एक ठिकाण केले तर मुठींचा टन होण्यास वेळ लागणार नाही, असे तो म्हणतो, आणि त्यासाठी त्याची दुचाकीवर धावपळ चालली आहे. कोट्यवधी रुपयांच्या ज्या योजना दिल्लीत मंजूर झाल्या त्यांतील एखादा ओघळ या खोक्यापर्यंत पोहोचला, तर मळीच्या ढिगाऱ्यावर जाणारे धन वाचेल. न पोहोचला तर बापास एक दिवस जागा अपुरी पडेल, आणि तो ते खोके उचलून लोखंडाच्या ढिगावर रिकामे करील. त्यात त्याचा दोष नाही. लोखंडाचा भाव त्यास रोज मिळतो, आणि निओडिमियमचा अद्याप एकदाही मिळालेला नाही.